खटका बसला का?

गोंदियात ‘बसणे’ या क्रियापदाचा काही भरवसा नाही. भांडं जागेवर बसलं म्हणजे काम झालं, आणि मोटर बसली म्हणजे कामच संपलं. हिंदीतली ‘गाडी बैठ गई’ आमच्या मराठीत कधी येऊन बसली, तेही कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे एप्रिलमधल्या एका पहाटे तीन वाजता बेकरीतल्या पोराचा फोन आला आणि तो म्हणाला, “काका, बाउल बसला नाही अन् मशीन बसली जी,” तेव्हा अर्ध्या झोपेत मला त्या वाक्याची फोड करायला वेळ लागला.

मी मुळात राइस मिलचा मिस्त्री. आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि तेव्हापासून धानाच्या धुळीत आहे. वर्कशॉपच्या पाटीवर अजून ‘जि. भंडारा’ लिहिलेलं आहे. 1999 साली 1 मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण पाटी रंगवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आमच्या गावाला तांदळाचं शहर म्हणतात, म्हणजे आमचं मिस्त्रीकामही तांदळाचंच. शेलरचे रबर रोल बदला, एलिव्हेटरच्या बादल्या ठोका, पॉलिशरच्या चाळण्या बसवा. दिवाळीनंतर धान आलं की भरडाई संपेपर्यंत जेवायला फुरसत नसते, आणि उन्हाळ्यात हाताला चाळा म्हणून मिळेल ते काम घेतो. बेकरीचं काम असं उन्हाळी काम.

तिथलं यंत्र मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, डिसेंबरात, बसवलं तेव्हा. पीठ मळायचं मोठं स्पायरल मिक्सर, जुनं, नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या बेकरीतून आणलेलं. नेहमीच्या मिक्सरचं भांडं यंत्रालाच जोडलेलं असतं. मळून झालं की वाकून, दोन्ही हातांनी पीठ उपसायचं. याचं भांडं सुटं होतं. चाकं असलेल्या गाडीवर बसवलेलं भांडं यंत्रापुढे ढकलायचं, अडकवायचं, वरचं डोकं खाली आणायचं, मळायचं. मग डोकं वर, खटका उघडा आणि भांडं गाडीसकट ओढून टेबलाजवळ न्या. सोबत दुसरं भांडंही आलं होतं. एकात पीठ विसावतंय तोवर दुसऱ्यात पुढचा घाणा. मालकाने तेवढ्याचसाठी ते घेतलं, कारण त्याच्या उस्तादांची कंबर गेली होती. चाळीस वर्षं पीठ उपसून कंबर जातेच.

एका घाण्याला मैद्याचं 50 किलोचं पोतं, त्यात पाणी, साखर, खमीर, मीठ, वनस्पती. म्हणजे भांड्यात ऐंशी-पंच्याऐंशी किलो ऐवज, आणि भांड्याचं नि गाडीचं वजन वेगळं. हा सगळा भार यंत्राला धरून ठेवतो तो एका हाताच्या खटक्याने.

पहाटे पोचलो तेव्हा मोटरचा ओव्हरलोड पडलेला होता. भांडं जागेवरून तीनेक बोटं बाहेर सरकलेलं, स्पायरलने आतल्या भिंतीवर चंद्रकोरीसारखी चर पाडलेली, आणि पिठात पोलादाचा कीस. तो घाणा गेला. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा मैद्यापेक्षा पांढरा. सालेकशाकडचा, सतरा-अठराचा. “खटका बसला म्हनूनच वाटलं जी,” हे त्याने मला चार वेळा सांगितलं. उस्ताद काही बोलले नाहीत. पीठ बाजूला काढून त्यांनी हाताने पुढचा घाणा मळायला घेतला. आमगाव-देवरीकडे टोस्ट आणि पाव नेणाऱ्या गाड्या पाचला दाराशी लागतात, त्यांना यंत्राचं रडगाणं चालत नाही.

आता तो खटका कसा होता ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच आली. यंत्राच्या पायात एक शंकूसारखा उंचवटा, भांड्याच्या गाडीत त्याच मापाचा खळगा. गाडी ढकलली की शंकू खळग्यात शिरतो आणि भांडं मध्यावर येतं. गाडीच्या पुढच्या अंगाला मनगटाएवढी जाड खुंटी. बाजूचा दांडा खाली केला की एक पोलादी पाचर त्या खुंटीमागे सरकते आणि तिरक्या अंगाने खुंटीला यंत्राकडे ओढून घेते. बैलगाडीच्या चाकाला खीळ असते तसंच हे, फक्त खीळ सरळ असते आणि इथे पाचर तिरकी. तिरकी का, तर ढिलाई राहू नये म्हणून. भांडं नुसतं अडकून भागत नाही, ते आवळलेलं लागतं. स्पायरल पिठाला ढकलतं, पीठ भांड्याच्या भिंतीला ढकलतं, आणि मैद्याला जशी तार सुटत जाते तसा हा रेटा वाढत जातो. सुरुवातीचं पीठ चिखलासारखं असतं, दहा मिनिटांनी तेच रबरासारखं ओढ घेतं. खरी परीक्षा दुसऱ्या गतीत, शेवटच्या दोन मिनिटांत.

मी पाहिलं तर खुंटी एका अंगाने झिजलेली. वर्नियर लावायचीही गरज नव्हती, बोटाला कळत होतं. अर्धा सूत तरी गेलेली. मग काय, मिस्त्रीला झीज सापडली की तो खूश. खुंटी काढली, वेल्डिंगने भरली, लेथवर उतरवली, शंकू-खळगा रॉकेलने धुतला, नंतर साबणाच्या पाण्याने, पाचर चकचकीत पुसली. ठोकून बसवलं. भांड्याला दोन्ही हातांनी हिसके दिले, सुईभरही हललं नाही. पैसे घेतले आणि घरी आलो.

आठ दिवस टिकलं.

दुसऱ्यांदा भांडं सरकलं तेव्हा गाडीचं चाक त्या पोराच्या चपलेवर चढलं. अंगठ्याचं नख काळं पडलं, बाकी निभावलं. पण स्पायरल फिरत असताना तो भांड्याच्या काठावरचं पीठ खरवडायला वाकला असता तर काय झालं असतं, हे मला त्या रात्री जेवताना आठवलं आणि ताट सरकवून ठेवलं. राइस मिलमध्ये पट्ट्यात अडकलेले हात मी पाहिलेले आहेत. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या 21व्या कलमात फिरत्या भागांना कुंपण घाला असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण पंधरा बाय तीसच्या खोलीत पाच-सहा माणसांनी चालवलेल्या बेकरीपर्यंत कायदा पोचता पोचता दमतो.

मी तेव्हा दुसरी चूक केली. मिलच्या पॅनलमध्ये वापरतो तसला एक लिमिट स्विच त्या दांड्याखाली लावला. दांडा पुरता खाली आल्याशिवाय मोटर सुरूच होणार नाही. मालक खूश, मी खूश. पण स्विच पाहत होता दांड्याकडे, आणि सरकणार होतं भांडं. गाडी एक बोट कमी ढकलली गेली तर पाचर खुंटीच्या मागे न शिरता तिच्या टोकाला नुसती घासून खाली जायची. दांडा खाली, स्विच राजी, मोटर सुरू, आणि भांडं पाचरीच्या फक्त नखावर उभं. पूर्वी निदान पोराला शंका यायची. आता स्विचने ‘ठीक आहे’ म्हटल्यावर तो बघेनासा झाला.

मेच्या सुरुवातीला गेलो तर स्विच तारेने बांधून टाकलेला. कायमचा दाबलेला. मी उस्तादांवर चढलोच. ते शांतपणे म्हणाले, “मिस्त्रीजी, तुमचा खटका घाण्याच्या अधेमधे मशीन बंद करते. तीन दिवसांत सात वेळा. पीठ थांबते, खमीर थांबत नाही.” पाहिलं तर खरंच, स्विचच्या चाकापाशी मैदा आणि वनस्पतीचा लगदा साचून सिमेंट झालेलं. मोटरच्या थरथरीने संपर्क तुटायचा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आत भट्टी. अशात अर्धं मळलेलं पीठ दहा मिनिटं पडलं तर त्याचा पाव होत नाही. तारेने बांधलं नसतं तर उस्तादांचा धंदा बसला असता. माझा भाचा पुण्यात यंत्रांच्या सुरक्षेचं काम करतो. त्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याने हसून सांगितलं की आयएसओ 14119 हे मानक नेमकं याच विषयावर आहे. सुरक्षेचा स्विच माणूस कशाने नि कशासाठी निकामी करेल, हे आधी बनवणाऱ्याने ओळखावं, असं ते म्हणतं. माझा स्वाभिमान थोडा दुखावला, कारण मला वाटलं होतं की तार बांधणं हा आमच्या गोंदियाचाच गुण आहे. पीठ मळायच्या यंत्रांसाठी युरोपात ईएन 453 हे स्वतंत्र मानकही आहे, 5 लिटरपासून 500 लिटरपर्यंतच्या भांड्यांसाठी. म्हणजे माझ्याआधी बऱ्याच लोकांच्या भांड्यांनी दगा दिलेला असणार.

मग मी एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एक अख्खी रात्र बेकरीत बसलो. दहा वाजता गेलो, पहाटे पाचला निघालो. हत्यारं सोबत नेली नाहीत. नेली असती तर काहीतरी खोलून बसलो असतो.

बारा घाणे झाले. म्हणजे तो खटका एका रात्रीत बारा वेळा उघडला आणि बारा वेळा लागला. मिलमध्ये मी आयुष्यभर ज्या चाव्या ठोकल्या त्या शाफ्टवर पुली धरणाऱ्या. त्यांचा उतार शंभराला एक. एकदा ठोकली की दहा वर्षांनी काढायची, तीही घणाने. रोज बारा वेळा उघडायचं कुलूप मी कधी बनवलंच नव्हतं.

पहिली गोष्ट दिसली ती हात. पोरगा पत्र्यांना वनस्पती लावतो, त्याच हातांनी येऊन दांडा ओढतो. काठावरून ओघळ खाली जातो, शंकूवर, खुंटीवर. दुसरी गोष्ट बर्फ. मेमध्ये मैदा पोत्यातच गरम असतो, आणि पीठ मळून झाल्यावर सव्वीस-सत्तावीस अंशांवर राहिलं पाहिजे, म्हणून उस्ताद पाण्यात बर्फ टाकतात. बर्फ नीट फोडलेला नसतो. पहिल्या दोन मिनिटांत मुठीएवढे खडे स्पायरलखाली सापडतात आणि भांड्याला धडाधड ठोके बसतात. हे ठोके डिसेंबरात नव्हते.

आणि वनस्पतीही डिसेंबरात अशी नव्हती! हे मला साडेतीन वाजता, चहात टोस्ट बुडवताना सुचलं. वनस्पती तूप साधारण 31 ते 41 अंशांच्या दरम्यान वितळतं. थंडीत ते पाचरीवर मेणासारखं चिकटून बसायचं, उलट आवळायला मदतच. मेमध्ये भट्टीशेजारी त्याचं तेल झालं होतं. मी उठून पाचरीवरून बोट फिरवलं, बोट आरशावरून फिरावं तसं गेलं. दुसऱ्या दिवशी पाचर खोलून कोन मोजला तर दहा अंशांच्या आसपास भरला. कोरड्या पोलादावर दहा अंशांची पाचर मागे सरकत नाही, घर्षण तिला धरून ठेवतं. तेलाने घर्षण अर्ध्यावर आलं की तीच पाचर काठावर येते, आणि वरून बर्फाचे ठोके. दर ठोक्याला केसभर मागे. केसभर, केसभर, आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकदम. माझी पहिली दुरुस्ती आठ दिवस टिकली ती खुंटी भरल्यामुळे नव्हे. मी सगळं साबणाने धुतलं होतं म्हणून.

कोन कमी करायचा, हा पहिला विचार. चार अंशांची लांब पाचर बनवली. घट्ट बसली, इतकी की घाणा झाल्यावर निघेचना. उस्तादांनी शेवटी लाटण्याने ठोकली, लाटणं मोडलं, मग भट्टीची सळई घेऊन ठोकली. पाच घाण्यांत पाचरीचं टोक छत्रीसारखं फुललं. धरून ठेवणारी पाचर सुटत नाही आणि सुटणारी धरत नाही, हा तिढा काही माझ्याने एका पाचरीत सुटेना.

तो सुटला मालकाच्या आईमुळे. ऐंशीच्या घरातल्या. झाडी बोली बोलतात, त्यांच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. दुपारी गल्ल्यावर बसतात. मी तिथे डोकं धरून बसलेला पाहून त्यांनी विचारलं आणि मी जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, जात्याचा खुंटा आधी हलवून पाहायचा आणि मग दळायला बसायचं, हे आम्हाला आईने शिकवलं. तुमच्या पोराला कोणी शिकवलं का? खुंटा हलवून बळकट करणे हे मी शाळेत वाक्प्रचार म्हणून घोकलं होतं, दोन मार्कांना. ते कुणीतरी खरोखर हाताने करायचं काम आहे हे डोक्यातच नव्हतं. पण ऐंशी किलोचं भांडं पोराने रात्रीतून बारा वेळा हलवून पाहावं, हे काही होणार नव्हतं. पहिल्या दिवशी हलवेल, चौथ्या दिवशी हलवल्यासारखं करेल. भांड्यानेच स्वतः सांगितलं पाहिजे.

मग पाचर पुन्हा जुन्या दहा अंशांची केली, सहज सुटणारी. धरायचं काम तिच्याकडून काढून घेतलं, तिने फक्त आवळायचं. तिच्या मागे एक उभी खीळ बसवली, अंगठ्याएवढी जाड, डोक्यावर पाव किलोचं वजन. पाचर खुंटीमागे पुरती शिरली की तिच्यातलं भोक गाडीच्या भोकासमोर येतं, आणि खीळ आपल्या वजनाने दोन्हींतून खाली पडते. एक सूत जरी कमी असलं तर भोकं जुळत नाहीत आणि खीळ वरच राहते. तिला स्प्रिंग नाही, दांडा नाही, कुणी जोर लावून खाली करावी अशी सोयच नाही. पडली तर पडली. पाचरीवर तेल असो, बर्फाचा ठोका असो, खीळ पडल्यावर पाचरीला मागे जायला जागा नाही. उचलायला खाली पायाचं पॅडल, कारण हात पिठाने भरलेले असतात.

खिळीचं नळकांडं मुद्दाम ढिलं ठेवलं आणि खालून उघडं. हे लिहायला एक ओळ, करायला तीन दिवस. आमच्या धंद्यात घट्ट बसवण्यात मोठेपणा. ढिलं ठेवायला हात धजत नाही. पण मैद्याच्या जागी घट्ट म्हणजे अडकणारं. आत पडलेला मैदा खालून गळून जावा. स्विचही हलवला: दांड्याखालून काढून खिळीच्या तळाशी, रबरी टोपीत. खीळ पूर्ण खाली असली तरच त्याचा संपर्क जुळतो, आणि वायर अशी जोडली की ती तुटली, उंदराने कुरतडली, तरी मोटर बंदच राहावी. बेकरीत उंदीर हा वायरमनइतकाच नेमाने येतो.

भांड्याचा खळगा शंकूवर नीट टेकतो की नाही ते पाहायला मिस्त्री निळी शाई लावतात. खाण्याच्या भांड्याला शाई लावायला मन घेईना, म्हणून शंकूवर मैदाच भुरभुरवला, भांडं बसवलं, काढलं. जिथे टेकलं तिथला मैदा दबून चकाकत होता, एका बाजूला मात्र जसाच्या तसा. ती बाजू घासून घेतली. उस्ताद हे बघत होते. “आत्ता तुम्ही बेकरीचे मिस्त्री झाले,” म्हणाले. मजुरी कमी करायचा बेत असावा.

खीळ पडते तेव्हा ‘ठक्’ असा आवाज येतो. मी तिचं डोकं लाल रंगवलं होतं, वर असली तर दिसावी म्हणून. ते कुणी बघत नाही. पोरगा भांडं ढकलतो, दांडा ओढतो आणि मान तिरकी करून थांबतो. ठक् ऐकलं की बटण दाबतो. एकदा गल्लीत मिरवणुकीचा डीजे होता, तर त्याने घाणा अडवून ठेवला, आवाज ऐकू येत नाही म्हणून. उस्ताद ओरडले तेव्हा खाली वाकून खिळीला बोट लावून पाहिलं आणि मग सुरू केलं. त्याच्या अंगठ्याचं नख तोवर नवीन यायला लागलं होतं.

हे सगळं पहिल्या भांड्याचं. दुसरं भांडं याच यंत्राचं नाही हे मला ऑगस्टमध्ये कळलं. खळगा तोच, खुंटी तीच, पण गाडी दोन सूत उंच. कुठल्या तरी दुसऱ्या यंत्राचं भांडं विकणाऱ्याने सोबत खपवलं होतं. त्यात खीळ पडतच नाही, आणि आता खीळ पडल्याशिवाय मोटर चालत नाही. उस्ताद त्याला ‘सावत्र’ म्हणतात. मी म्हटलं, चाकं बदलतो, दोन सूत खाली घेतो, आठवड्याचं काम. ते वर्कशॉपमध्ये आणलं, चाकं काढली. तेवढ्यात नवीन धान येऊ लागलं, बालाघाट रोडवरच्या एका मिलचा एलिव्हेटर तुटला, मग दुसरीचा शेलर. सावत्र भांडं माझ्या दारात पालथं पडलं आहे, दुपारच्या उन्हात त्यावर मांजर झोपतं. उस्तादांचा दर रविवारी फोन येतो. मी म्हणतो, भरडाई संपू द्या.